नवा इंडी (स्वतंत्र) बँड: पहिल्या तालमीपासून पहिल्या करारापर्यंत

पहिल्या तालमीला स्वतःची गाणी नेऊ नका. सगळ्यांना येणारी दुसऱ्या कुणाची तरी दोन गाणी घ्या, एक संथ आणि एक वेगवान, आणि तासभर तेवढीच वाजवा. स्वतःचं गाणं आणलं की ते ज्याने लिहिलं तो नकळत शिकवायला लागतो आणि बाकीचे शिकायला. परक्या गाण्यात सगळे सारखे. कोण कुणाकडे बघून वाजवतंय, ड्रमर थांबला की कोण थांबतं, सूर चुकल्यावर कोण पुढे जातं आणि कोण गिटारचे नॉब फिरवत बसतं, हे सगळं त्या तासाभरात कळतं.

मी बेस वाजवते. ड्रम आणि गिटार यांच्या मधली ती जागा आहे, दोन्हीकडे कान ठेवल्याशिवाय तिथे उभंच राहता येत नाही. आमच्या ड्रमरला आम्ही निवडलं ते अशाच एका संथ गाण्यात. गायिकेचा श्वास अजून पुरा व्हायचा होता, आणि त्याने पुढचा ठोका किंचित रोखून धरला. तसं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यापेक्षा जलद हाताचे ड्रमर येऊन गेले होते, पण आम्ही याला ठेवलं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे: सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत जो काही निर्णय घ्याल, त्याने एकमेकांचं ऐकण्याची सवय वाढेल की मोडेल, एवढं बघा. तालमीतला आवाज, पैशाची वाटणी, रेकॉर्डिंगची पद्धत, लेबलशी (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीशी) करार, सगळीकडे हाच प्रश्न येतो.

माणसं जमवताना

१९८६ साली बॉस्टनमध्ये पिक्सीज जमत होते तेव्हा त्यांनी बेसवादक हवा म्हणून जाहिरात दिली. तिच्यात त्यांनी दोन नावं घातली होती. एक हस्कर डू, म्हणजे कानठळ्या बसवणारा पंक बँड. दुसरं पीटर, पॉल अँड मेरी, म्हणजे गोड गळ्याचं लोकसंगीतातलं त्रिकूट. दोन्ही आवडणारा माणूस त्यांना हवा होता. उत्तर एकच आलं, किम डीलचं. ती गिटार वाजवायची, बेस तिने कधी वाजवला नव्हता. बेस न घेताच ती भेटायला आली आणि नंतर बहिणीचा बेस वापरू लागली. या जाहिरातीत अनुभवाची वर्षं विचारलेली नाहीत, कान विचारला आहे. दबक्या कडव्यातून एकदम कडाडणाऱ्या ध्रुवपदात उडी घेणं ही पुढे पिक्सीजची ओळख झाली. तिचं बीज त्या दोन टोकांच्या आवडीत होतं असं मला नेहमी वाटतं.

तुम्हीही तसंच करा. 'हौशी गिटारवादक हवा' असं लिहाल तर कुणीही येईल. एकमेकांपासून लांबचे दोन बँड लिहा, म्हणजे येणारा माणूस निम्मा ओळखीचा असेल. आणि वाद्यावरून फार अडून बसू नका. शेफिल्डचे आर्क्टिक मंकीज २००२ साली जमले ते शेजारपाजारचे मित्र म्हणून. मॅट हेल्डर्सकडे ड्रम आले कारण बाकीच्यांनी गिटारी आधीच घेतल्या होत्या. हात नंतर तयार होतो. मैत्रीत मुळातच असलेलं ऐकणं मात्र जाहिरात देऊन मिळत नाही.

माणूस आवडला की पुढच्या भेटीत वाद्यं बाजूला ठेवून बोला. आठवड्यातल्या किती संध्याकाळी खरंच मोकळ्या आहेत? गावाबाहेर वाजवायला जाता येईल का? बँडवर स्वतःच्या खिशातून किती घालता येईल? दोन वर्षांनी हा बँड कुठे असावा? एकाला फक्त सुट्टीच्या दिवशी वाजवायचं असेल आणि दुसऱ्याला नोकरी सोडायची असेल, तर दोघंही बरोबर आहेत, फक्त एकाच बँडमध्ये नकोत. हे पहिल्याच महिन्यात विचारलेलं बरं. पुढे गाणी झाली, त्यांच्यात जीव गुंतला, की हे प्रश्न विचारणं फार जड जातं.

तालमीची खोली

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बँड घडतो तो इथेच, आणि बिघडतो तोही बहुतेक वेळा इथेच.

रंगमंचावर असल्यासारखे एका रांगेत उभे राहू नका. गोल करा. गायकाचा स्पीकर गायकाकडे तोंड करून ठेवा, पण माइकच्या मागच्या बाजूने. गाण्यासाठी वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड प्रकारचे असतात, म्हणजे समोरचं सगळ्यांत जास्त ऐकतात आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यांत कमी. स्पीकर त्या पाठीमागच्या जागेत असला की स्पीकरमधून शिट्टी वाजणं पुष्कळ कमी होतं. माइकची जाळी मुठीत धरू नका. मूठ आवळली की माइकचा मागचा भाग बंद होतो, मग तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते.

गिटारचा अँप (तिचा आवाज वाढवणारा स्पीकर) जमिनीवर ठेवला की त्याचे चढे सूर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांवर आदळतात. त्याला स्वतःचा आवाज बोथट वाटतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, मग एकूण आवाज वाढवतो, आणि समोर उभ्या असलेल्याचे कान फाटतात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे तोंड कानांच्या दिशेने येईल. नव्या बँडच्या तालमीला मी जाऊन बसते तेव्हा ही पहिली दुरुस्ती करते, आणि दहा मिनिटांत भांडणाचा सूर उतरतो. गिटारवाला हेकट नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हतं.

खोलीतल्या आवाजाची पट्टी ड्रमरने ठरवावी आणि ड्रमरने ती गायकाकडे बघून ठरवावी. गाण्याचे शब्द कळत नसतील तर बाकीचे कमी करा, गायकाला ओरडायला लावू नका. ओरडून ओरडून गळा बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ओरडण्याच्याच पट्टीत चाली लिहिल्या जातात.

कानात प्लग घाला. हे मी सगळ्यांना सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा आठ तासांना ८५ डेसिबल आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं मिळतात. लहान खोलीत झांजा दणकून वाजायला लागल्या की १०० डेसिबल सहज होतात. घरी गेल्यावर कानात शिणशिण वाजत असेल तर त्या तालमीचा आवाज जास्त होता. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, त्यामुळे गाणं गढूळ होत नाही. हे प्लग गिटारच्या पेडलआधी घ्या. पेडल पुढच्या वर्षीही मिळेल.

प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड करा. फोन ड्रमपासून लांबच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर ठेवा. वाजवताना जे कानांना कळत नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं: ध्रुवपद आलं की सगळे धावतात, दुसऱ्या कडव्यात बेस आणि गिटार एकमेकांच्या पायात येतात, ज्या सोलोचा अभिमान वाटत होता तो आठ मात्रा जास्तच लांब आहे. आमच्याकडे एक साधा नियम आहे. रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येकाने आधी दुसऱ्याच्या वाजवण्यातलं एक चांगलं सांगायचं, मग फक्त स्वतःच्या वाजवण्यातली उणीव. दुसऱ्याची उणीव तो स्वतःच सांगतो, नेहमीच सांगतो. आपल्याला सांगावी लागत नाही.

तालमीचा वेळ वाया जातो तो वाजवण्यात नाही, मधल्या टिवल्याबावल्यांत. सुरुवातीलाच ठरवा की आज कोणतं गाणं उभं करायचं. आधी अर्धा तास जुनी गाणी, मग तासभर एकच नवं, शेवटी वीस मिनिटं जे सुचेल ते. शेवटची वीस मिनिटं कधीही कापू नका. आमच्या निम्म्याहून जास्त चाली त्या थकलेल्या वेळेत सापडल्या.

गाणं उभं करताना

नव्या बँडचं गाणं बहुतेक वेळा गर्दीने मरतं. चौघं आहेत म्हणून चौघं सगळा वेळ वाजवतात. बेसची सगळ्यांत खालच्या सुराची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि गिटारची ८२ वर. दोन गिटारी खालच्या तारांवर तेच खुले कॉर्ड वाजवू लागल्या तर तिघांची त्याच चिंचोळ्या पट्ट्यात रेटारेटी होते, आणि ऐकणाऱ्याला फक्त घरघर ऐकू येते. एका गिटारने चढ्या सुराच्या तीन तारांवर जावं किंवा पाचव्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तेच कॉर्ड दुसऱ्या आकारात धरावेत. बेसचा पहिला सूर आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका एकाच क्षणी पडतात की नाही ते बघा. आम्ही कधीकधी फक्त ड्रम आणि बेस एवढ्यावर अख्खं गाणं वाजवून बघतो. तेवढ्यावर मान डोलली तर गाणं उभं आहे.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं, वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. ते जितकं वाढवाल तितका हलका आणि जोरकस ठोका यांतला फरक पुसला जातो, आणि एकटं वाजवताना प्रचंड वाटणारी गिटार बँडमध्ये पातळ होते. नॉब एक-तृतीयांश मागे आणा आणि हाताने जोर लावा.

एक प्रयोग प्रत्येक गाण्यावर करा: प्रत्येकाने पाळीपाळीने पूर्ण एक कडवं गप्प राहायचं. ज्याच्या गप्प राहण्याने गाणं सुधारलं त्याने त्या कडव्यात गप्पच राहायचं. हे मनाला लागतं, मला ठाऊक आहे. आमच्या एका गाण्यात मी पहिली दोन कडवी हात बांधून उभी असते. पण मग बेस आत येतो तेव्हा समोरचे लोक हलतात, आणि ती हालचाल माझी असते.

नाव कुणाचं, पैसे कुणाचे

पहिलं गाणं पूर्ण झालं की त्याच आठवड्यात हे बोला. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. रचनेचे पैसे लिहिणाऱ्यांना मिळतात, रेकॉर्डिंगचे ज्याची मालकी आहे त्याला. दोन्हीचे वाटे वेगळे ठरतात आणि दोन्ही लिहून ठेवायचे असतात.

आर.ई.एम.चे चौघं १९८० साली जॉर्जियातल्या अथेन्समध्ये एकत्र आले. पहिला कार्यक्रम त्याच वर्षी ५ एप्रिलला, वापरातून गेलेल्या एका चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. त्यांनी गाण्यांवर चौघांची नावं सारखी लावली, कोणी काय आणलं याचा हिशेब न ठेवता. १९९७ साली ड्रमर बिल बेरी बाहेर पडला तरी ते २०११ पर्यंत वाजवत राहिले आणि भांडणाविना थांबले.

मँचेस्टरचे द स्मिथ्स १९८२ साली सुरू झाले आणि पाच वर्षांत संपले. तिथे चाली जॉनी मारच्या, शब्द मॉरिसीचे, म्हणून रचनेचे पैसे त्या दोघांचे, आणि त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. वाद झाला तो रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या मिळकतीवर. ते दोघं ४०-४० टक्के घेत आणि बेसवादक व ड्रमर यांना १०-१० मिळत. ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ साली जिंकला. ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळं ठरल्याचा पुरावा नसेल तर भागीदारांचा वाटा समान धरला जातो, आणि तसा पुरावा न्यायालयाला पटला नाही. म्हणजे १०-१० ही वाटणी अन्याय होती की नव्हती हा प्रश्नच वेगळा. सगळ्यांनी बसून ती मान्य केल्याचा कागद नव्हता, हे नडलं.

माझं मत उघड आहे. सुरुवातीच्या काळात समान वाटा ठेवा. ड्रमरने रोखून धरलेला तो ठोका कागदावर कुठल्याही रकान्यात बसत नाही, आणि गाणं त्याच्याशिवाय तेच राहत नाही. रचना खरोखर एकाचीच असेल तर वेगळं ठरवा, पण चौघांच्या सह्यांनी आणि गाण्यागणिक. अर्ध्या पानाचा कागद पुरतो: गाण्याचं नाव, तारीख, कुणाचा किती टक्के, सह्या. कार्यक्रमाचे पैसे मात्र पहिलं वर्षभर वाटूच नका. बँडच्या खात्यात टाका आणि त्यातून तारा, प्रवास, रेकॉर्डिंग भागवा. हिशेब एकाने ठेवावा आणि दर महिन्याला तो दुसऱ्याने वाचावा.

पहिला कार्यक्रम

सहा गाणी, पंचवीस मिनिटं. जास्त वेळ दिला तरी घेऊ नका. सगळ्यांत भक्कम गाणं पहिलं ठेवा, कारण पहिल्या गाण्यात मिक्सरवरचा माणूस अजून आवाज जुळवत असतो आणि ते गाणं खराब आवाजातही तगायला हवं. त्याच्या खालोखाल भक्कम गाणं शेवटी. एकाच ट्युनिंगची गाणी शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे मध्ये कानकोंडी शांतता पडणार नाही. सेट आठवडाभर आधी उभ्याने, न थांबता, मधल्या बोलण्यासकट वाजवून बघा आणि घड्याळ लावा.

आयोजकाला आधीच एक कागद पाठवा. त्यावर कोण कुठे उभं राहणार याचं चित्र आणि कोणकोणते आवाज मिक्सरला जोडायचे त्यांची यादी असावी: किक, स्नेअर (कडक आवाजाचा मधला ड्रम), बेस डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), दोन गिटार अँप, दोन गाण्याचे माइक. हा कागद आला की साउंडवाला तुम्हाला गंभीरपणे घेतो. त्याचं नाव विचारा आणि रंगमंचावरून नावाने आभार माना. त्या खोलीत तुमचा आवाज लोकांपर्यंत नेणारा तो एकटाच आहे.

सोबत जादा तारा, जादा केबल, बॅटऱ्या, ड्रमची किल्ली, चिकटपट्टी, ट्युनर. साउंडचेकला गाणी पूर्ण वाजवत बसू नका. सगळ्यांत गोंगाटी गाण्याचं ध्रुवपद आणि सगळ्यांत हळुवार गाण्याचं कडवं, एवढं वाजवलं की दोन्ही टोकं कळतात. मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचंच वाढवून मागण्याआधी दुसऱ्याचं कमी करायला सांगा. वाजवून झालं की सामान आधी रंगमंचाखाली उतरवा, मग तिथे आवरा, पुढच्या बँडला वाट बघायला लावू नका. आणि शेवटच्या बँडचं शेवटचं गाणं होईपर्यंत थांबा. तुम्हाला पुढचा कार्यक्रम बहुतेक वेळा दुसरा एखादा बँडच देतो, आणि तो आधी हे बघतो की तुम्ही त्यांचं ऐकलंत का.

पहिलं रेकॉर्डिंग

मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने डिसेंबर १९७६ मध्ये मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर हजार प्रती काढल्या. पुढे त्या रेकॉर्डच्या सुमारे सोळा हजार प्रती गेल्या, आणि मोठ्या कंपनीची वाट न बघता रेकॉर्ड काढता येते हे असंख्य मुलांनी त्यावरून ओळखलं. पिक्सीजनी १९८७ साली तीन दिवसांत सतरा गाण्यांची टेप केली, खर्च हजार डॉलर. त्यातली आठ ४एडी लेबलने जवळपास तशीच काढली. निर्वाणाच्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. ही तिन्ही कामं स्वस्तात झाली, कारण गाणी स्टुडिओत शिरण्याआधीच वाजवून वाजवून घोटलेली होती. स्टुडिओचा तास विचार करायला वापरला की महाग पडतो.

तेव्हा लोकांसमोर वाजवून झालेली चारच गाणी निवडा. तारा आदल्या दिवशी बदला म्हणजे ताणून बसतील. ड्रमची कातडी नवी लावून सुरात आणा. ढिल्या, थकलेल्या ड्रमचा आवाज मिक्सिंगमध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) कुणीही उभा करू शकत नाही. ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्र, एकमेकांना दिसतील असे वाजवा आणि गायकाचा आवाज नंतर घ्या. क्लिक ट्रॅकवर (कानात ठरल्या वेगाने पडणाऱ्या टिकटिकीवर) वाजवायचं की नाही याची चाचणी सोपी आहे: फोनवरच्या तालमी काढा. ध्रुवपदात वेग थोडा चढतो आणि तो चढ दर वेळी सारखाच असतो, तर तो गाण्याचा भाग आहे, क्लिक लावून तो मारू नका. वेग दर वेळी वेगळाच पळत असेल तर क्लिक लावा.

चारच माइक असतील तर ड्रमसाठी ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाची पद्धत वापरा. एक माइक किकला, एक स्नेअरला, एक ड्रमच्या बरोबर वर, आणि एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने स्नेअरकडे बघणारा. शेवटचे दोन्ही स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, दोरी धरून मोजा. अंतर चुकलं तर स्नेअरचा आवाज दोन्ही माइकमध्ये मागेपुढे पोचतो आणि पोकळ होतो. बेस अँप आणि डीआय दोन्हींतून घ्या. एका गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या, मग बाहेर जाऊन पाणी प्या. चौथ्यापासून हात अचूक होतो आणि गाणं विझायला लागतं.

मिक्सिंग शक्यतो बँडबाहेरच्या माणसाने करावं. प्रत्येकाला स्वतःचं वाद्य कमी वाटतं. चौघांनी मिळून सूचनांचा एकच कागद द्या, चार वेगळे निरोप नकोत. मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या हाताला, आवाज कमाल करा असा हट्ट धरू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा बहुतेक गाणी सुमारे उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा आवाज मोजायच्या एककाच्या) पातळीवर आणून वाजवतात, म्हणजे चेपून मोठा केलेला आवाज ते परत खाली आणतात आणि फक्त चेपलेपणा उरतो.

गाणं बाहेर काढताना एवढं सांभाळा. वितरकाला (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्याला) फाइल किमान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी लागतं, आणि जितकं आधी तितकं बरं. प्रत्येक रेकॉर्डिंगला अक्षरं आणि अंक मिळून बारा चिन्हांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक असतो, तो जपून ठेवा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा. आणि एक प्रत हातात देण्यासारखी करा. आर्क्टिक मंकीज सुरुवातीच्या कार्यक्रमांत स्वतः बनवलेल्या डेमो सीडी फुकट वाटायचे. त्या ऐकणाऱ्यांनीच इंटरनेटवर पसरवल्या, आणि २००५ साली डोमिनो लेबलशी करार होईपर्यंत लोक सगळी गाणी तोंडपाठ म्हणत होते. ज्या माणसाने तुम्हाला प्रत्यक्ष ऐकलं आहे त्याच्या हातात गाणं गेलं की ते पुढे जातं.

लेबल आलं तर

आगाऊ रक्कम ही भेट नसते. ती तुमच्या पुढच्या वाट्यातून वळती होते. समजा लेबलने १०० दिले, ते रेकॉर्डिंगमध्ये गेले, आणि तुमचा वाटा मिळकतीच्या १८ टक्के आहे. ही रक्कम तुमच्या १८ टक्क्यांतून फिटायला मिळकत सुमारे ५५६ व्हावी लागते, आणि तोवर तुमच्या हाती काही येत नाही. तेच लेबल खर्च वजा करून निम्मा-निम्मा नफा वाटत असेल, तर ५५६ मधून १०० गेले, उरले ४५६, तुमचे २२८. अशा वाटणीत प्रसिद्धीचा खर्चही आधी वजा होतो, म्हणून तो किती आणि कुणाला विचारून करायचा, हे करारात हवं. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड आणि शिकागोचं टच अँड गो अशी लेबलं निम्म्या वाट्यावर आणि तोंडी शब्दावर चालली. मला त्या शब्दाबद्दल मनापासून आदर आहे. तरी १९९९ साली बटहोल सर्फर्स आणि टच अँड गो यांच्या खटल्यात अमेरिकेच्या न्यायालयाने तो तोंडी करार कायमचा धरला नाही आणि निकाल बँडच्या बाजूने गेला. म्हणून विश्वास असला तरी लिहा, किंबहुना विश्वास आहे तोवरच लिहा.

करारात माझी बोटं आधी तीन जागी जातात. रेकॉर्डिंग कायमचं देताय की काही वर्षांसाठी वापरायला देताय? शक्यतो दुसरं, आणि परतीची तारीख घालून. पुढच्या किती अल्बमवर लेबलचा हक्क आहे आणि तो वापरायचा की नाही हे कोण ठरवतं? कार्यक्रम आणि टी-शर्टच्या पैशातही त्यांना वाटा हवाय का? हवा असेल तर त्या बदल्यात ते नेमकं काय करणार? वकिलाला दाखवा, आणि तो लेबलने सुचवलेला नसावा. व्यवस्थापक घेतलात तर साधारण १५ ते २० टक्के घेतो. जोवर त्याला सांभाळायला काही नाही तोवर तो नको.

कुणी सोडून गेलं तर

हे ठरवायची वेळ सगळे एकत्र आणि आनंदात असताना असते. बझकॉक्सची ती रेकॉर्ड बाहेर पडून काही आठवडेच झाले होते आणि गायक हॉवर्ड डिवोटो निघून गेला. पीट शेली गायला लागला, स्टीव्ह डिगल बेस सोडून गिटारवर आला, नवा बेसवादक घेतला आणि बँड चालू राहिला. एकमेकांचं वाजवणं ठाऊक असल्यामुळेच असं सरकता येतं. म्हणून तालमीत अधूनमधून वाद्यं बदलून वाजवा.

कागदावर एवढं हवं: जाणाऱ्याचा त्याने वाजवलेल्या आणि लिहिलेल्या गाण्यांतला वाटा कायम राहतो, पुढच्या कामात राहत नाही. नाव उरलेल्यांपैकी किती जण असतील तर वापरता येईल, तेही लिहा. आमच्याकडे तीन जण असतील तर, असं आहे. ठरलेले कार्यक्रम जाणाऱ्याने पूर्ण करायचे की तीस दिवस आधी सांगून निघायचं, सामायिक पैशातून घेतलेले स्पीकर आणि माइक कुणाकडे, वितरकाच्या खात्याचा आणि बँडच्या इमेलचा पासवर्ड कोणत्या दोघांकडे. शेवटची गोष्ट लोक विसरतात, आणि एका बँडची सगळी गाणी जुन्या सदस्याच्या बंद पडलेल्या इमेलमागे अडकलेली मी पाहिली आहेत. बँडचा वेगळा इमेल पत्ता पहिल्याच महिन्यात उघडा आणि सगळी खाती त्याच्यावर काढा.